बुडणाऱ्याचं काम

१४ फेब्रुवारी १९३९

आज तीनदा बुडालो. सकाळी दोनदा, जेवणानंतर एकदा. पाणी चार अंश.

लाँच मला अर्ध्या मैलावर नेते. मी पाण्यात उतरतो, लाँच परत फिरते. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज येतो. विमान उडतं, मला शोधतं, पाण्यावर उतरतं, उचलून घेतं. किनाऱ्यावर मेजर ग्राबो स्टॉपवॉच घेऊन उभे. वहीत मिनिटं लिहितात.

चोपन्नाव्या वर्षी हे काम मिळालं. हजेरीपटावर माझ्या नावापुढे हुद्दा लिहायचा होता. कारकून पेन धरून बसला. मेजर म्हणाले, "लिही — बुडणारा." त्याने खरंच तसं लिहिलं! रोर्ड यापेन, बुडणारा.

१५ फेब्रुवारी

वारा. उड्डाण नाही. दिवसभर कोणाशी बोललो नाही. स्टोव्हशी बोललो, तो विझत होता म्हणून.

१६ फेब्रुवारी

विमानं दोन. सहा मार्चला बर्लिनहून मंडळी येणार आणि दोनातलं एक निवडणार. जे निवडतील ते या सबंध किनाऱ्यावर बुडणाऱ्यांसाठी राहील. दुसरं परत जाईल.

जुनं विमान म्हणजे आत्या. नाव वैमानिकांनी ठेवलंय. एकावर एक पंख, तारांचं जाळं, आणि चाकांच्या जागी दोन लांब पोकळ तरंडे. परकर वर धरून पाण्यात उभ्या राहिलेल्या बाईसारखी दिसते. फार हळू.

नवं विमान म्हणजे नवरी. हिला तरंडे नाहीत, पोटच होडी आहे. पांढरी, गुळगुळीत, एक तार दिसत नाही. आत्याच्या दुप्पट वेगाने येते. दार कुशीला, उंचावर. पाण्यातून हात पूर्ण वर केला की उंबरठा बोटांना लागतो.

नवरीचा वैमानिक विंकलर म्हणतो, "आत्या उडाली की सीगल पुढे जातात आणि तिच्यासाठी थांबतात." तो सॅक्सनीचा. विसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. मला आजोबा म्हणतो. इतर कोणी काहीच म्हणत नाही.

१८ फेब्रुवारी

पाण्यात वेळ कसा जातो ते लिहून ठेवतो.

पहिलं मिनिट श्वासाचं. दुसरं मानेचं — पाणी कॉलरमधून आत येतं. मग मी मोजत नाही. लाटेच्या खळग्यात असलो की नुसती पाण्याची भिंत. माथ्यावर आलो की बेट दिसतं. दीपगृह, चर्चचं टोक, केरिनच्या घराचं छप्पर. पुन्हा भिंत.

डॉक्टरांनी विचारलं, भीती वाटते का. नाही. कोणीतरी येणार हे ठाऊक असतं.

ब्रारला ठाऊक नव्हतं.

१९ फेब्रुवारी, रविवार

काल ते नाव लिहिलं. आता बाकीचंही लिहावं.

ब्रार माझा धाकटा भाऊ. केरिन त्याची बायको. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्याचं गलबत वाळूच्या दांड्यावर आपटलं. मी बचावसंस्थेच्या होडीचा सुकाणूदार होतो. आठ वल्ही, अडीच तास. पोचलो तेव्हा गलबत संपलं होतं. ब्रार एका फळीवर आडवा होता. जिवंत! माझ्याकडे बघितलं त्याने.

मी वाकून हात दिला. होडीची कड पाण्यापासून हातभर उंच. त्याचा हात माझ्या हातात आला. त्याने धरला नाही. मी ओरडलो, "धर ना, गाढवा!" त्याने धरला नाही. पुढची लाट आली, आणि माझा हात नुसता ओला होता.

आम्ही वर्षभर बोलत नव्हतो. बापाच्या गलबतावर इंजिन बसवायचं की नाही यावरून. थंडीने बोटं बधिर होतात हे मला ठाऊक आहे. सगळ्या बेटाला ठाऊक आहे. पण मी त्याचे डोळे पाहिले. तीन वर्षं मला वाटतंय की त्याने माझा हात नाकारला.

केरिनने विचारलं होतं, "शेवटी काही बोलणं झालं का?" मी म्हणालो, नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून रस्त्यात भेटली तर बोलते. घरात बोलवत नाही.

पुढच्या वसंतात मी होडी सोडली. मेजरांनी संस्थेकडे समुद्र जाणणारा माणूस मागितला. संस्थेकडे रिकामा मीच होतो.

२० फेब्रुवारी

आकडे लागले. विमान पाण्यावर टेकल्यापासून मी आत येईपर्यंत — आत्या सात मिनिटं, नवरी चार. शोधण्यातही नवरी पुढे. मेजर खूश. खानावळीत बिअर.

"आत्याबाईंना आता पेन्शन!" विंकलर म्हणाला.

मलाही बरं वाटलं. चार मिनिटं म्हणजे थोडकी नव्हेत.

२१ फेब्रुवारी

हिवाळ्याची शेकोटी. अंधार पडताच टेकाडावरचा ढीग पेटवला. सगळं गाव जमलेलं. मी कडेला उभा होतो. अंगावर विमानतळाचा राखाडी कोट. दुसरा गरम कोट नाही.

केरिन रम घातलेला चहा वाटत होती. माझ्यापाशी आली.

"आज किती वेळा बुडालात, भावोजी?"

"आज सुट्टी."

"अरे वा! बुडणाऱ्यालाही सुट्टी असते?"

शेजारची म्हातारी पोप्पे म्हणाली, "आमच्या वेळी माणसं रविवारीसुद्धा बुडायची." सगळे हसले. केरिन हसली नाही.

"उचलतात कसं?" तिने विचारलं.

मी करून दाखवलं. हात वर करतो. दारातले दोघे मनगटं धरतात. मी उंबरठा पकडतो, पाय विमानाच्या कुशीला लावतो, आत.

"म्हणजे तुम्हीच चढता."

"ते ओढतात ना."

"छे. तुम्ही चढता. ते नुसते दारात उभे असतात."

कप माझ्या हातात देऊन ती पुढे गेली. चहा हातातच थंड झाला.

२२ फेब्रुवारी

आज सणाचं जेवण. केलची पालेभाजी आणि धुरावलेलं डुकराचं मांस. एकट्याने केलं, एकट्याने खाल्लं, बरंचसं उरलं.

ती म्हणाली ते खरं आहे. चार मिनिटं नवरीची नाहीत. माझ्या दोन हातांची आहेत. दहा मिनिटांत विमान येतं, तोवर माझी बोटं शाबूत असतात. खरा बुडणारा तासभर पाण्यात असतो. तो हात वर करणार नाही. उंबरठा धरणार नाही. नवरीच्या दारातून दोघे वाकतील, आणि तो खाली असेल.

आणि हे मला — मला! — कळायला तिचा प्रश्न लागला.

२३ फेब्रुवारी

मेजरांकडे गेलो. ते दाढी करत होते. आरशातूनच बोलले.

"यापेन, तुम्ही चढलात की नाही?"

"चढलो."

"मग चढता येतं."

"मला येतं, मेजरसाहेब. पाऊण तास पाण्यात असलेल्याला येणार नाही."

"तुम्ही बुडणारे आहात. सल्लागार नाही." मग वस्तरा पुसला. माणूस वाईट नाही. "अहवाल गेलाय. पण मंडळी येतील तेव्हा त्यांच्यासमोर एकदा करून दाखवायचंच आहे. तोवर दोन दिवस सराव करा. बघा काय वेगळं होतंय ते."

२७ फेब्रुवारी

झालं नाही.

ठरवून गेलो होतो — लाकडाच्या ओंडक्यासारखं पडून राहायचं. हात सैल, मान सैल. नवरी शेजारी आली, दार वर आलं, कोणाचा तरी हात खाली आला. आणि माझा हात वर गेला! मी नेला नाही, तो गेला. पाय कुशीला लागले. चार मिनिटं दहा सेकंद.

दुपारी पुन्हा. पुन्हा तेच.

विंकलर पोट धरून हसला. "आजोबा, तुम्हाला मेल्याचं सोंगही येत नाही!"

त्याला काय सांगणार? आमच्या बेटावर सुटका झालेला माणूस वाळूवरून स्वतःच्या पायांनी येतो. दोघांनी काखेत धरलं तरी चालतं, गुडघे टेकत आला तरी चालतं. पण पाय वाळूला लागले पाहिजेत. उचलून आणतात तो मेलेला. लहानपणापासून हेच पाहिलं. बंदरात पडलेलं मूलसुद्धा इथे रडत रडत चालत घरी जातं. मेजरांनी अख्ख्या किनाऱ्यावरून नेमका असा माणूस निवडला ज्याला वाचवून घेता येत नाही.

२८ फेब्रुवारी

पाऊस. डॉक्टरांना विचारलं, चार अंशांत बोटं किती वेळ टिकतात. म्हणाले, वीस मिनिटं. फार तर पंचवीस. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "का विचारताय?"

मी म्हणालो, सहज.

१ मार्च

विंकलरला गाठलं. हँगरमागे सिगारेट ओढत होता. सांगितलं — मंडळी येतील त्या दिवशी लाँच मला सोडेल, तेव्हा लगेच उडू नकोस. पंचवीस मिनिटं थांब. इंजिन गरम होत नाही म्हणून सांग.

"डोकं ठिकाणावर आहे का, आजोबा?"

"हात चालेनासे व्हायला हवेत. दुसरा मार्ग नाही. सोंग जमत नाही, तूच म्हणालास."

"आणि तुम्ही मेलात तर? माझं कोर्ट-मार्शल!"

त्याने सिगारेट विझवली, थोटूक खिशात टाकलं. बराच वेळ समुद्राकडे बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो समुद्राकडे नीट बघताना दिसला.

"वर इंजिन बंद पडलं," तो म्हणाला, "तर पाण्यात मीच असणार, नाही का?"

"हो."

"वीस मिनिटं."

"पंचवीस."

"बरं. पंचवीस."

४ मार्च

दोन लोकरी बनियन धुतले. स्टोव्हवर वाळत घातले. खोलीला मेंढीचा वास.

केरिनला सगळं लिहावं वाटलं. "प्रिय केरिन" लिहिलं. पुढे काय? कागद स्टोव्हमध्ये.

५ मार्च

उद्या.

९ मार्च

आज पेन हाताला बांधून लिहिता येतंय. अक्षर दुसऱ्याच कोणाचं वाटतंय.

६ तारखेला वारा वायव्येचा, लाट मध्यम. लोकरीचे दोन थर, कातडी झगा, वर शेवरीच्या कापसाचं जाकीट. लाँच गेली. मी थांबलो.

दहा मिनिटांनी बोटं दुखायला लागली. मग फार दुखली. मग दुखायची थांबली. मी हात पाण्याबाहेर काढून बघितला. पांढरा. मूठ वळ म्हटलं. वळली नाही. तोंडाने मोठ्याने म्हटलं. नाही वळली. तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

इंजिन ऐकू आलं तेव्हा मला झोप येत होती. नवरी शेजारी उतरली. पांढरी भिंत. वर दार, दारात दोन माणसं, त्यांच्यातल्या एकाचा हात खाली आला. माझ्या हातात आला. मला पाच बोटं दिसत होती. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि सगळा जीव लावून तो हात धरला.

धरला नव्हता. मी धरत होतो, हात धरत नव्हता. माझे डोळे त्याच्या डोळ्यांत होते. तो ओरडत होता, "धरा हो! धरा ना!"

ब्रार.

पुढचं विंकलरने सांगितलं. नवरीला वारा लागत होता, ती बाजूला सरकत होती. तीनदा वळून आली. दुसऱ्या वेळी त्यांनी मला जाकिटाला धरून अर्धं वर ओढलं. लाट आली, मी घसरलो. तिसऱ्या वेळी दारातला एक माणूसच पाण्यात पडला. चौदा मिनिटं गेली. मग विंकलरने किनाऱ्याजवळ तयार असलेल्या आत्याला खूण केली.

आत्या हळूहळू आली. तिचा एक माणूस तरंड्यावर उतरला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. माझा पट्टा धरला, लाटेसरशी मला तरंड्यावर लोळवलं — ओंडका लोळवतात तसं. तिथून पोटाखालच्या झडपेतून आत. मग नवरीतून पडलेला तो दुसरा. दोघांना मिळून नऊ मिनिटं.

किनाऱ्यावर बर्लिनच्या कर्नलने विचारलं, "हा माणूस मदत का करत नाहीये?"

डॉक्टर म्हणाले, "कारण तो बुडतोय."

मला चौघांनी स्ट्रेचरवरून आणलं. सगळ्या वाळूवरून. बांधावर गावची माणसं उभी होती.

१० मार्च

केरिन ६ तारखेलाच फाटकाशी आली होती म्हणे. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. "त्यांना उचलून आणलं," एवढंच म्हणत होती. "उचलून आणलं, मी पाहिलं." पहारेकरी परगावचा. म्हणाला, "बाई, स्ट्रेचर असतं कशाला मग?"

डॉक्टरांनी बाहेर जाऊन सांगितलं, जिवंत आहे. तेव्हा ती तिथेच बांधावर खाली बसली.

१२ मार्च, रविवार

आज तिला आत सोडलं. राईचा पाव आणि भाजलेले हेरिंग घेऊन आली. खुर्चीवर बसली. माझे हात पांघरुणावर होते. ती हातांकडेच बघत होती.

"दुखतात?"

"आता दुखतात. चांगलं लक्षण आहे म्हणे."

"सगळं गाव म्हणतंय, रोर्ड मेला. पोप्पेने तर काळा रुमाल काढला ट्रंकेतून." मग म्हणाली, "आता परत ठेवायचा तिच्या जिवावर आलंय."

मी हसलो. बरगड्या दुखल्या.

मग सांगितलं. ब्रारचा हात माझ्या हातात आला होता ते. तो जिवंत होता ते. मी काय ओरडलो ते. गाढवा म्हणालो तेही.

बाहेर कोणीतरी इंजिन तपासत होतं, चालू-बंद, चालू-बंद.

"मला वाटलं, त्याला धरायचा नव्हता," मी म्हणालो. "माझा होता म्हणून."

"आणि आता?"

"तो धरत होता, केरिन. मी सहा तारखेला तिथे होतो. तो पूर्ण जोर लावून धरत होता."

ती रडली नाही. हेरिंगचे काटे काढत बसली, एकेक, सावकाश. मग घास माझ्या तोंडाशी धरला, कारण माझ्या बोटांना काटा-चमचा धरवत नव्हता. मी तोंड उघडलं. बापरे! चोपन्न वर्षांत आईनंतर कोणी भरवलं नव्हतं.

जाताना दारात म्हणाली, "बरं वाटलं की घरी या. छप्पर गळतंय. चढायची एवढी हौस आहे तर तिथे चढा."

१६ मार्च

रेडिओवर प्राग. आपलं सैन्य तिथे शिरलं. खानावळीत सगळे टेबलं बडवत होते. मी बशी घेऊन बाहेर आलो.

२६ मार्च

केरिनचं छप्पर. दोन दिवस गवत बदललं. ती खालून पेंढ्या देत होती. बोटं संध्याकाळी सुजतात, पण पेंढी धरतात. स्वयंपाकघरात चहा. ब्रारच्या जागेवर मी बसलो नाही, तिनेही बसा म्हटलं नाही. दुसरी खुर्ची ओढली. ठीक आहे.

२ एप्रिल

बर्लिनहून अजून काही नाही. मेजर म्हणतात, कर्नलला नवरीच आवडली आहे. दिसायला. "वर्तमानपत्रात फोटो चांगला येतो."

मी दीपगृहापर्यंत चालत गेलो. दांड्यावर लाट फुटत होती. दोन गलबतं परतत होती, एक उशिरा. ते दिसेपर्यंत थांबलो. कोण होतं त्यात, ओळखलं नाही. थांबलो मात्र.

८ एप्रिल

आत्या!

आदेश आला. आत्याच. मेजरांनी स्वतः खोलीत येऊन सांगितलं. हात पुढे केला, मी धरला. विंकलरने मला उचलून गोल फिरवलं. गावात जाऊन केरिनला सांगितलं. ती म्हणाली, "त्या बेढब बाईला?" आणि पहिल्यांदा मोठ्याने हसली.

आता या किनाऱ्यावर ज्याला हात वर करता येत नाही त्यालाही आत घेता येईल.

११ एप्रिल

मेजरांनी बोलावलं. नवं काम दिलं. पाण्यात माणसाचे हात किती वेळ चालतात याचा महिन्यागणिक तक्ता करायचा. विमानांबरोबर सगळ्या किनाऱ्याला पाठवणार आहेत. विमानं मी समजत होतो त्यापेक्षा पुष्कळ आहेत. मी म्हणालो, नोव्हेंबरपासून सुरू करू, गलबतं तेव्हाच बुडतात. ते म्हणाले, "गलबतांचा काय संबंध? सप्टेंबरपासून करा. ऑगस्टअखेर तयार हवा." मी विचारलं, सप्टेंबरातच का. त्यांनी फाईल बंद केली.

दारात विंकलर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आज आजोबा म्हणाला नाही.

"काका, सप्टेंबरात हात किती वेळ चालतात?"

"बराच वेळ, पोरा," मी म्हणालो. "बराच वेळ."